आजीचा गुळाचा चहा फाटत नव्हता, माझाच का फाटतो?

दिवाणजी_सांगली
मंडळी, वय ६७. चहा सोडा हा सल्ला सोडून काहीही सांगा.

सहाव्या वर्षी आजीनं जर्मनच्या वाटीत ओतून दिला तो माझा पहिला चहा. पुढं सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होतो. तिथं हळदीचे सौदे चहाशिवाय निघतच नव्हते. शेतकऱ्याची पट्टी लिहिताना एक, हमाल टेकले की एक, शेजारच्या दुकानातला दिवाणजी गप्पा मारायला आला की एक. हंगामात दिवसाला चौदा झालेले आठवतात. आता सहावर आलोय, आणि घरात याला उपास म्हणतात.

तर अडचण अशी. सौ.ची शुगर वाढली म्हणून दोघांनीही साखर बंद केली. मी गुळाची पळवाट काढली. पण दहातले चार चहा फाटतात. गूळ चांगला पिवळाधमक आणतो, दूध म्हशीचं, रतिबाचं. आधण ठेवतो, पावडर, मग गूळ, मग दूध, वरून आलं किसून. उकळी यायला लागली की पातेल्यात चोथा वर नि पाणी खाली. सौ. म्हणते, "पनीर करायचं होतं तर सांगायचं, पालक आणला असता."

आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यात. रेशनची साखर पाहुण्यांसाठी कुलपात, घरचा चहा गुळाचाच. ७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तेव्हाही पहाटे चुलीवर चहा असायचा. आजीकडं फ्रीज नाही, दूध शेळीचं, गूळ कसलाही. तिचा एकदाही फाटलेला आठवत नाही. मग माझंच कुठं चुकतंय?

काहीलकर_कराड
तात्या, चूक गुळात आहे. उसाचा रस मुळातच जरा आंबट, म्हणून काहिलीत चुन्याची निवळी घालतात. ती कमी पडली की गूळ आंबट राहतो. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं की आणखी आंबतो. गार दूध तेवढं सोसतं, उकळतं दूध सोसत नाही.

आणि पिवळाधमक कशाला घेता? तो रंग बऱ्याचदा हायड्रॉसचा, म्हणजे गूळ उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा. आम्ही भेंडीच्या चिकानं मळी काढतो, गूळ तांबूस-काळपट निघतो. बाजारात नेला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, तुमच्यासारखंच. डब्याचं झाकण घट्ट लावा. गॅस बंद करून मग गूळ घाला.

पोवईनाका
साताऱ्यातून लिहितोय, त्यामुळं आल्याबद्दल बोलायचा हक्क आमचा. दुधात कच्चं आलं किसणं बंद करा. आल्यात दूध साकळवणारं एन्झाइम असतं. पाण्यात पाच मिनिटं खळाखळा उकळलं की ते मरतं. म्हणजे आलं आधणात, पावडरीच्याही आधी. सातारी आलं असेल तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं पुरे, नाहीतर चहा सोडून काढा प्याल.

चौदा कप वाचून मात्र हात जोडले.

विश्रामबागकर_ताई
काका, वहिनींसाठी लिहिते. गूळही बहुतांशी साखरच, त्यानं शुगर वाढतेच. पळवाट तुमच्यापुरती ठेवा. आणि जेवून उठल्या उठल्या चहा घेता का? त्यातल्या टॅनिनमुळं भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या.

दिवाणजी_सांगली
ताई, ती कोरा, बिनसाखरेचा घेते. घरात शहाणं माणूस एकच आहे. जेवणानंतरचा कप तासानं पुढं ढकललाय, तो तास फार लांब असतो एवढंच सांगतो.

चार दिवस झाले. तांबूस गूळ आणला, आलं आधणात टाकलं, गूळ गॅस बंद करून घातला. एकदाही फाटला नाही. काहीलकर, रंगाला भुलायची सवय मार्केटातली. हळद आयुष्यभर रंगावर पारखली, तसाच गूळ बघत होतो.

पण आजीचं कोडं सुटेना. चुलीवर गॅस बंद करायचं बटण कुठलं? शेवटी थोरल्या बहिणीला विट्याला फोन लावला. ती ७४ वर्षांची, पण हिशेब पक्के. म्हणाली, "अरे, आजी दूध पातेल्यात घालायचीच नाही." दूध पावशेर आणि माणसं नऊ. पातेल्यात ओतलं तर कुणाला जास्त गेलं, कुणाला कमी, कळणार कसं? म्हणून गुळाचा कोरा चहा आधी वाट्यांत गाळायचा आणि वरून पळीनं मोजून दूध. गुळात पडल्यावर ते पुन्हा उकळायचंच नाही, मग फाटणार कुठून.

मी म्हटलं, मला हे कसं आठवत नाही? तर म्हणते, "तुला कशाला आठवेल? सगळ्यांना एक पळी आणि तुला दीड."

साठ वर्षं झाली, ती अर्धी पळी तिनं अजून माझ्या नावावर लिहून ठेवलीय.