पहिल्या लेव्हलचा बार्ड: स्पेल कोणते, वाद्य कोणते, आणि गाता येत नसेल तर?

फोंड्याचा फासा:
चवथ झाली की फोंड्यात आमच्या गटाचा नवा खेळ सुरू होतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, क्षमतांवर वाटायला २७ पॉइंट. फायटर (योद्धा), रोग् (चोरपावलांचा) आणि विझार्ड (जादूगार) ठरलेत. बरे करणारा कोणी नाही, म्हणून मी हाफ-एल्फ वंशाचा बार्ड (गाण्या-बोलण्यातून जादू करणारा) घेतोय. डीएमचे (खेळ चालवणाऱ्याचे) जग खाडीकाठच्या बंदरांचे आहे, तेव्हा ल्यूट या तंतुवाद्याऐवजी घुमट, आपले चामडे ताणलेले मातीचे वाद्य, चालेल का? स्पेल (मंत्र) कोणते घेऊ? आणि मला गाता येत नाही, तर टेबलावर काय करायचे?

डिचोलीचा डीएम:
आधी आकडे. स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १३, कॉन्स्टिट्यूशन १३, इंटेलिजन्स १२, विझ्डम १२, करिश्मा १५. यात २७ पॉइंट बरोबर संपतात. हाफ-एल्फचे करिश्माला २, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशनला एकेक घातले की करिश्मा १७, बाकी दोन्ही १४. चामडी चिलखतात आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा) १३, हिट पॉइंट (जीव) १०. म्हणजे पुढच्या फळीत उभे राहू नका.

कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) दोन: व्हिशस मॉकरी आणि मायनर इल्यूजन. स्पेल चार: हीलिंग वर्ड, फेअरी फायर, डिसोनंट व्हिस्पर्स, डिसगाइज सेल्फ. यात कॉन्सन्ट्रेशनचा (लक्ष एकवटून टिकवायचा) एकच आहे, तो मुद्दाम. नवे खेळाडू असे तीन घेऊन बसतात. दुसरा लावला की पहिला गळतो आणि दोनातला एक स्लॉट (मंत्र टाकायची संधी) वाया जातो. फेअरी फायर टाकताना आपली माणसे त्या २० फुटी चौकोनात नाहीत ना ते बघा, तीही उजळतात.

आता खरी मेख. बार्डिक इन्स्पिरेशन (सोबत्याला द्यायचा जास्तीचा फासा) आणि हीलिंग वर्ड दोन्ही बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे मुख्य कृतीखेरीजची जोडकृती, आणि ती पाळीला एकच. म्हणून पहिल्याच फेरीत इन्स्पिरेशन देऊन मोकळे व्हा. पुढे कोणी शून्यावर कोसळला तर हीलिंग वर्डला हात मोकळा राहतो. १ड४+३ (चार बाजूंचा एक फासा अधिक ३) म्हणजे सरासरी साडेपाच, जखम भरायला अपुरे. पण पडलेल्या फायटरची पाळी वाचते, ती फार मोलाची. आणखी एक: बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला तर त्या पाळीत दुसरा फक्त कॅन्ट्रिप चालतो. हीलिंग वर्ड आणि मॉकरी चालेल, हीलिंग वर्ड आणि फेअरी फायर नाही.

इन्स्पिरेशन तुम्हाला लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) तीनदाच मिळते, आणि ते वाया जाते विसरल्यामुळे. ज्याला दिले त्याच्या शीटवर खराखुरा सहा बाजूंचा फासा नेऊन ठेवा, शक्यतो त्याच्या फाशांपेक्षा वेगळ्या रंगाचा. तो दहा मिनिटे टिकतो. ड२० (वीस बाजूंचा फासा) पडल्यावर, पण डीएमने निकाल सांगण्याआधी तो वापरता येतो. डीएम "लागला नाही" असे पटकन म्हणून टाकत असेल तर आधीच विनंती करा की आकडा ऐकून क्षणभर थांब.

घुमट आणि शामेळ:
घुमट जरूर घ्या. पुस्तकातल्या वाद्यांत ड्रम आहे, ६ सुवर्णनाण्यांचा, वजन ३ पौंड. डीएमला तेच आकडे लावायला सांगा. अडचण हातांची. घुमटाला एक तळवा चामड्यावर लागतो, दुसरा मागचे उघडे तोंड झाकायला-उघडायला; नाद त्यानेच वरखाली होतो. मग रेपियर (बारीक तलवार) कुठे धरणार? पण वरच्या यादीतले मॉकरी, हीलिंग वर्ड, फेअरी फायर, व्हिस्पर्स हे चारही नुसत्या आवाजाचे आहेत, हात लागतच नाही. घुमट गळ्यात, रेपियर हातात, काही अडत नाही. उलट तोंड बांधले किंवा कोणी सायलेन्स (आवाज बंद करणारा मंत्र) टाकला, की हे सगळे बंद. हँड क्रॉसबो जवळ असू द्या.

चामडे मात्र बकऱ्याचे सांगा. घोरपडीचे जुने, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. खेळातल्या जगात हा कायदा नसला तरी घुमट म्हटले की आपल्याकडे हा विषय निघतोच.

गाण्याची चिंता सोडा. दशावतारी नट लिहिलेल्या संहितेशिवाय रात्र काढतो, कारण कथा आणि पात्र पक्के डोक्यात असते. तुम्ही आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगाचा साचा घ्या, चाल न लावता म्हणा. मॉकरीसाठी नमुना:

नाव सांगे रणशूर
कुत्रे भुंके, पळे दूर

अशा पाच-सहा ओळी घरून लिहून आणा, सोबत्यांची नावे गुंफून दोन इन्स्पिरेशनच्याही. एका पाळीला दोनच ओळी, जास्त झाल्या की टेबल कंटाळते. शत्रूला भाषा कळायची गरज नाही, ऐकू आले पुरे. आणि मॉकरी सर्वांत जोरात मारणाऱ्यावर टाका: ड४ इजा क्षुल्लक आहे, त्याच्या पुढच्या वारावर येणारी डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणे) हीच खरी कमाई.

फोंड्याचा फासा:
फासा ठेवायची युक्ती उत्तम. तिसऱ्या लेव्हलला बार्डची कोणती शाखा घेऊ, लोअर (विद्येची) की व्हॅलर (लढाईची)?

डिचोलीचा डीएम:
पुढे फायटर आहे, तेव्हा लोअर. तीन जास्तीची स्किल मिळतात आणि कटिंग वर्ड्सने (शत्रूच्या फाशातून वजाबाकी) दुसऱ्याच्या पाळीतली रिअ‍ॅक्शन कामी येते. फक्त तो इन्स्पिरेशनचेच फासे खातो आणि पाचव्या लेव्हलपर्यंत ते शॉर्ट रेस्टला परत येत नाहीत. एक फासा दिवसअखेरपर्यंत राखून ठेवा.

घुमट आणि शामेळ:
गटात फायटर नसता तर मी व्हॅलर म्हटले असते. इथे लोअरच.