सिमवरचं नेट : कंपनी कशी निवडलीत, काय काय मोजलंत? (अनुभव धागा)

अर्धाजीबी

ड्रॉवर आवरताना जुनं डोंगल हाती लागलं. वर छापलंय, ‘७.२ एमबीपीएसपर्यंत’. त्या ‘पर्यंत’नं तेव्हा भल्याभल्यांना गंडवलं. आजच्या फाइव्ह-जीच्या जाहिरातीतही तो शब्द तिथेच आहे, तितक्याच बारीक अक्षरात. म्हणून हा धागा.

घरासाठी किंवा कामासाठी सिमवर चालणारं नेट घेताना कंपन्या कशा ताडून बघायच्या, प्लॅनमधल्या कुठल्या ओळी नीट वाचायच्या, घोडं कुठे अडतं, ते लिहा. फक्त ‘अमकी कंपनी भारी, तमकी भिकार’ एवढंच नको. एका खिडकीत भारी ती पलीकडच्या खिडकीत भिकार असते. आकडे द्या.

सुरुवात मी करतो. दोन-तीन कंपन्यांची सगळ्यात कमी मुदतीची सिमं घ्या. एकच फोन, एकच जागा. दिवसातून तीनदा मोजा : पहाटे, दुपारी, आणि रात्री आठ ते दहाच्या मध्ये. त्यात एक शनिवार-रविवार यायलाच हवा. पहाटेचा आकडा टॉवरची कुवत सांगतो, रात्रीचा आकडा तुमच्या वाट्याला काय येणार ते. निर्णय रात्रीच्या आकड्यावर घ्यायचा.

डेसिबलकाकू

कांड्या बघून काही ठरवू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दोन फोनच्या कांड्यांची तुलनाच होत नाही. खरे आकडे बघायचे तर आयफोनवर \*३००१#१२३४५#\* डायल करा. अँड्रॉइडवर \*#\*#४६३६#\*#\*, पण काही फोनमध्ये हे बंद करून ठेवलेलं असतं, तिथे सिग्नल दाखवणारं एखादं ॲप टाका. राऊटर असेल तर त्याच्याच पानावर सगळं मिळतं.

दोन आकडे टिपा. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) उणे असतो : -८० किंवा त्याहून वर म्हणजे उत्तम, -१०० ठीक, -११० नंतर रडारड, -१२० ला नेट तुटायच्या बेतात. दुसरा एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) : २० च्या वर झकास, १३ च्या वर चांगला, शून्याच्या खाली गेला की विसरा.

लोक पहिलाच बघतात. आवाज मोठा येतोय का हे आरएसआरपी सांगतो, शब्द कळतायत का हे एसआयएनआर. -९५ आणि १८ हे -७५ आणि ३ पेक्षा केव्हाही बरं. -७५ ला ३ येतो तेव्हा बहुतेकदा दोन सेक्टर (टॉवरची एकेका दिशेला तोंड केलेली भागं) एकमेकांवर ओरडत असतात. राऊटर घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बघा, एक सेक्टर भिंतीआड गेला की आकडा सुधारतो.

निवांत

काकू, हे कांड्या मोजून सिम घ्यायच्या आधी सांगायचं ना 😀

डेसिबलकाकू

मग आधी खिडकी बदला. कंपनी नंतर.

सेक्टरतीन

काकूंच्या पोस्टीला पुरवणी. प्रवासात आहे, जमेल तसं टंकतोय.

कुठला बँड (कुठल्या लहरींवर नेट येतंय) मिळतोय हेही त्याच पानावर दिसतं. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झ भिंती पार करून लांबवर पोचतात, पण तिथे कंपन्यांकडे पट्टा (त्या बँडमधली वापरायला मिळालेली रुंदी) अरुंद असतो, बऱ्याचदा ५ किंवा १० मेगाहर्ट्झच. १८०० ते २६०० मध्ये पट्टा जास्त, भिंतीतून शिरकाव कमी. फाइव्ह-जीचा एन७८, म्हणजे ३३०० ते ३८००, इथे एका कंपनीकडे १०० मेगाहर्ट्झपर्यंत सलग पट्टा असू शकतो. तुफान वेग, पण काचेवर उष्णता अडवणारा धातूचा मुलामा असेल तर खिडकी बंद केल्या केल्या मान टाकतो. खिडकी उघडी आणि बंद अशी दोन्ही मापं घ्या.

फोर-जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा, दोन अँटेना, ६४ क्वाम (लहरीवर डेटा लादायची पद्धत) : कमाल १५० एमबीपीएस. आणि हा अख्ख्या सेक्टरचा आहे, तुमच्या एकट्याचा नाही. रात्री सगळे एकदम बसले की त्याचेच तुकडे.

आणि हो, स्वस्तातला राऊटर बहुतेक कॅटेगरी ४ (आतल्या मोडेमच्या कुवतीची पायरी) चा असतो. तो एका वेळी एकच पट्टा पकडतो. कॅटेगरी ६ पासून पुढे दोन किंवा जास्त पट्टे जोडता येतात. तेच सिम चांगल्या फोनमध्ये ११० देतं आणि राऊटरमध्ये ४०, तेव्हा शिव्या कंपनीला बसतात, दोष डब्याचा असतो. दुसऱ्या देशातला राऊटर मागवत असाल तर त्याच्या बँडची यादी कंपनीच्या बँडशी ओळीनं ताडून बघा. एक महत्त्वाचा बँड नसला तरी तो डबा कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या लायकीचा.

कमळण

धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. कपडे वाळत घालून येते मग सविस्तर वाचते. फाइव्ह-जीचं चिन्ह दिसतं आणि वेग फोर-जीचाच, हे का?

सेक्टरतीन

@कमळण, बऱ्याच ठिकाणी फाइव्ह-जी फोर-जीच्या खांद्यावर बसून चालतं, त्याला एनएसए म्हणतात. फोर-जीचा टॉवर ‘माझ्या जोडीला फाइव्ह-जी आहे’ असं म्हणाला की काही फोन चिन्ह दाखवून मोकळे. डेटा फोर-जीवरूनच वाहत असतो. चिन्हाकडे दुर्लक्ष करा, पानावर एनआरचा (म्हणजे फाइव्ह-जीचा) बँड आणि त्याचा स्वतंत्र आरएसआरपी दिसतोय का बघा.

हिशोबनीस

प्लॅनकडे कोणीच वळेना, म्हणून.

‘अमर्यादित’ शेजारची चांदणी शोधा. कोटा संपल्यावर ६४ केबीपीएस असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ सेकंदाला ८ किलोबाइट. दोन एमबीचं साधं पान उघडायला चार मिनिटं. ते नेट चालू आहे असं फक्त कागदोपत्री म्हणता येतं. कोटा संपल्यावर १ किंवा २ एमबीपीएस देणारा प्लॅन, कोटा थोडा कमी असला तरी, मला जास्त प्रामाणिक वाटतो.

खप : एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी, फोर-के साधारण ७. रोज दोन तास एचडी म्हणजे महिन्याला १८० जीबी, आणि हे एकाच पडद्याचं.

रोजचा कोटा की महिन्याचा एकत्र? रोजचा मध्यरात्री बुडतो. रविवारी जास्त आणि बाकी दिवस कमी वापर असेल तर महिन्याचाच घ्या. मुदत २८ दिवसांची असेल तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज पडतात. तुलना करताना दर दिवसाचा भाव काढा.

फोनचा प्लॅन घेऊन हॉटस्पॉटवर घर चालवणार असाल तर हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. उलट, घरच्या नेटचं सिम फोनमध्ये चालेलच असं नाही. काही कंपन्या ते ठरावीक उपकरणाला किंवा ठरावीक टॉवरलाच बांधतात. घर बदलायचं असेल तर सही करण्याआधी हे विचारा.

दुसऱ्याच्या टॉवरवर धंदा करणाऱ्या कंपन्या स्वस्त असतात ते खरं. गर्दीत त्यांच्या ग्राहकांना बऱ्याचदा मागच्या रांगेत बसवलं जातं. पहाटे तोच वेग, रात्री जमीन-अस्मान.

निवांत

वेगचाचणीत १०० एमबीपीएस दिसतात आणि फाइल १२ नं उतरते, हे कोण खातं?

हिशोबनीस

कोणी खात नाही. चाचणी बिट मोजते, फाइल बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. आणि चाचणी फुकट नसते : १०० एमबीपीएसला दहा सेकंद म्हणजे १२५ एमबी गेले, अपलोडचे वेगळे. दिवसाला दहा वेळा खेळत बसलात तर रोजचा जीबी तिथेच.

पिंगपाँग

वेग वेग काय करताय सगळे. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो वेगामुळे नाही. संगणकाच्या एका खिडकीत पिंग (सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवा, दुसरीकडून मोठी फाइल वर चढवा. रिकाम्या लाइनवर ३५ मिलिसेकंद असलेलं पिंग ५००-६०० वर उडालं तर रोग सापडला. पाकिटं रांगेत तुंबतायत. राऊटरमध्ये एसक्यूएम (रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर चालू करा (ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरच्या मुक्त प्रणालीत केक किंवा एफक्यू-कोडेल). मर्यादा रात्रीच्या वेगाच्या ८०-८५ टक्क्यांवर बांधा, आधी अपलोडची. अडचण अशी की मोबाईल नेटचा वेग दर मिनिटाला हलतो. मर्यादा ढिली ठेवली तर उपयोग शून्य, फार आवळली तर पहाटेचा वेग वाया. अपलोड आवळा, डाउनलोड सैल सोडा, मीटिंगपुरतं भागतं.

घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर प्लॅन घ्यायच्या आधी हे वाचा. राऊटरला मिळालेला आयपी (नेटवरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक आयपी अनेकांत वाटलेला असतो, राऊटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून काही होणार नाही. उपाय तीन : कंपनी वेगळ्या एपीएनवर (सिमच्या नेट-जोडणीच्या सेटिंगवर) सार्वजनिक आयपी देते का विचारा, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) वापरा, नाहीतर घरातून बाहेरच्या सर्व्हरकडे व्हीपीएनचा बोगदा काढा. बोगदा जोडला जातो पण काही साइट अर्ध्यात लटकतात असं झालं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणा.

कमळण

आले. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं पण पिंगवाला प्रयोग लगेच केला. ३८ चं ७१० झालं 😳

पिंगपाँग

अभिनंदन 😀 एसक्यूएम नसेल तर निदान फोटोंचा बॅकअप रात्री उशिराला लावा.

कौलावरचा_कावळा

गच्चीवर अँटेना लावणाऱ्यांसाठी. दोन केबलची घ्या, आत दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, ४५ अंशांत तिरक्या. एकच केबल जोडली तर दुसरा प्रवाह गेला.

केबल जितकी तोकडी तितकी बरी. बारीक आरजी-५८ केबल २६०० च्या आसपास मीटरला जवळपास १ डीबी खाते. दहा मीटर टाकली तर दहा डीबीच्या अँटेनाची कमाई केबलमध्येच जिरली. जाड एलएमआर-४०० बरीच कमी खाते, पण वळवताना हाताला घाम फुटतो. त्यापेक्षा राऊटरच पाणीबंद डब्यात वर ठेवा आणि इथरनेट केबलमधून वीज द्या.

सगळ्यात चीड आणणारी चूक : एसएमए आणि आरपी-एसएमए. आटे सारखेच, नीट घट्ट बसतं. पण वाय-फायचे कनेक्टर आरपी असतात. सिमच्या राऊटरला तो लावलात तर दोन्हीकडे भोकच येतं, मधली पिन कुठेच नाही, सिग्नल आत जातच नाही. फिरवण्याआधी डोळ्यानं पिन बघा. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

दिशा लावताना एकदम फिरवू नका. दहा अंश, मग एक मिनिट थांबा, एसआयएनआर लिहा, पुन्हा दहा अंश. सर्वात जवळचा टॉवर सर्वात चांगला असतोच असं नाही.

अर्धाजीबी

कावळेबुवा, जबरदस्त. यात एक भर : खिशातला बॅटरीवाला हॉटस्पॉट चोवीस तास चार्जरला लावून घरचा राऊटर म्हणून वापरू नका. भरलेली बॅटरी सतत गरम राहिली की फुगते. मागचं झाकण वर आलेलं दिसलं की तो बंद. बॅटरी काढूनही चालणारी मॉडेलं आहेत, पण सगळी नाहीत.

निवांत

जरा अवांतर. राऊटरची खाच मायक्रो सिमची, माझं नॅनो. ॲडॉप्टर घातला तर चालेल ना?

कौलावरचा_कावळा

चालेल, पण रिकामा ॲडॉप्टर कधी आत सारू नका, बाहेर ओढताना त्याच्या भोकात खाचेच्या पिना अडकून वाकतात. सिम त्यात सपाट बसवा, मागून चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावा, आणि सोनेरी बाजूला पट्टीची कडही येऊ देऊ नका.

निवांत

😐

कौलावरचा_कावळा

घातलात ना रिकामा?

निवांत

घातला. ओढायचा आहे अजून.

कौलावरचा_कावळा

थांबा, ओढू नका! राऊटरची वीज काढा आधी. पातळ प्लास्टिकची पट्टी, गोळ्यांच्या पाकिटाची चालेल, सिमच्या रुंदीची कापा. ॲडॉप्टर आणि पिना यांच्या मधोमध हळू सरकवा, पिना दबल्या की दोन्ही एकत्र बाहेर.