नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू होतंय, आत्तापासून काय तयारी करू?

नवखी
पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू. शाळेत बायोलॉजी बरी होती, गणिताशी मात्र कायम वाकडं. भीती दोनच गोष्टींची: रक्त बघून चक्कर आली तर? आणि औषधांचे हिशेब. सुट्टीत अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक वाचून काढू का?

दुसऱ्या वर्षाचा
मला पहिल्याच ड्रेसिंगला चक्कर आली होती. अंधारी यायला लागली की लाजू नको, सांग आणि खाली बस. पेशंटच्या अंगावर पडण्यापेक्षा ते बरं. उपाशीपोटी वॉर्डात जायचं नाही, गुडघे ताठ करून तासभर उभं राहायचं नाही. होते सवय. पुस्तक राहू दे, तिथे गेल्यावर वाचायचंच आहे.

रात्रपाळी
मेडिसिन वॉर्डात अकरा वर्षं झाली. पुस्तकाबद्दल वरच्याशी सहमत. त्यापेक्षा सेकंदकाट्याचं घड्याळ घे आणि घरच्यांची नाडी मोजायला लाग. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय पुढे सगळ्यांनाच लागते, पण ठोके अनियमित असले की ती फसवते.

माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षाला सकाळच्या राउंडआधी बारा पेशंटचे व्हायटल्स घ्यायचे होते. ताप, नाडी, बीपी सगळं नीट घेतलं. श्वास मोजत बसायला वेळ कुणाला? सगळ्यांपुढे २० लिहून मोकळी झाले. (आधीच्या पाळीनेही २०च लिहिले होते, त्यामुळे चार्ट कसा छान जुळत होता.) सिस्टरनी चार्ट बघितला, बोलल्या काहीच नाहीत. मला एका आजोबांच्या खाटेपाशी नेलं, स्वतःचं घड्याळ हातात दिलं आणि म्हणाल्या, "मोज." आजोबा उशांना टेकून बसलेले, दोन शब्द बोलले की थांबत होते. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. ३४ भरले. ताप फारसा नव्हता, बीपीही ठीक. निघाला न्यूमोनिया. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० नॉर्मल, आणि तब्येत ढासळताना बऱ्याचदा आधी श्वासच वाढतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते! त्याच आजोबांचं बीपी मी दहा मिनिटांपूर्वी घेतलं होतं. मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेव. आकडा बनवायचा नाही.

हिशेबाचं एवढं काही नाही. १ लिटर सलाईन ८ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. सेटच्या (म्हणजे सलाईनच्या नळीच्या) पाकिटावर २० थेंबांना १ मिली लिहिलं असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट बदलला की उत्तर बदलतं, म्हणून पाकीट वाचायचं. आणि नुसतं .५ कधी लिहू नकोस, ०.५ लिही. टिंब पुसट झालं तर अर्ध्याचे पाच होतात.

दुसऱ्या वर्षाचा
ताई, रकाना रिकामा दिसला की आधी आमच्यावरच ओरडतात.

रात्रपाळी
ओरडू देत. "राहिलेत, आत्ता घेतो" म्हणायचं आणि घ्यायचे. मीही ओरडते, पण रिकाम्या रकान्यावरून कमी.

सुईदोरा
माझं एकच. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत लावायला जाऊ नकोस, तशीच थेट शार्प्सच्या डब्यात टाक. टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच इनचार्जना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत तरी हवीतच. मी घाबरून एक दिवस लपवलं होतं. ती रात्र नको वाटते.

नवखी
सगळ्यांचे आभार! ताई, आजच आईचे श्वास मोजायला बसले, तर ती मुद्दाम खोल खोल श्वास घ्यायला लागली 😄

रात्रपाळी
अगं, सांगायचंच नाही! नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तिला वाटतं नाडीच चाललीय, तू घड्याळाआडून छातीकडे बघ. वर-खाली मिळून एक. उद्या परत मोज, आणि किती भरले ते इथे लिही.