गच्चीतले बटाटे काढू का थांबू?

गच्चीवाली_कोथरूड:
मंडळी, दिवाळीत टोपलीतल्या चार बटाट्यांना कोंब फुटले, टाकवेनात म्हणून दोन ग्रो बॅगमध्ये खोचून दिले. आज ७० दिवस झाले. पाला गुडघ्याएवढा झालाय पण आठवड्यापासून खालची पानं पिवळी पडतायत आणि सासूबाई रोज म्हणतात अगं काढ आता, कुजतील. काल मातीत हात घालून चाचपलं तर सुपारीएवढा एक मिळाला तोही एका बाजूने हिरवा. फुलं तर आलीच नाहीत. पाणी रोज घालते. काय करू?

पेठेतला_माळी:
अजिबात काढू नका. फुलांचं मनावर घेऊ नका, फुलं न येताही बटाटे धरतात. पुखराज असेल तर ७५ ते ९० दिवस, ज्योती असेल तर शंभरपर्यंत, पण मंडईतून आणलेल्याची जात कोण सांगणार, त्यामुळे कॅलेंडर ठेवा बाजूला आणि पाला बघा. बहुतेक पाला पिवळा होऊन आडवा पडला की पाणी बंद करायचं आणि मग १०-१२ दिवसांनी काढायचे. सध्याची रात्रीची थंडी बटाटा फुगायला एकदम झकास आहे, ती वाया कशाला घालवताय! आणि रोज पाणी नको हो, बोट घालून बघा, वरची दोन पेरं कोरडी लागली तरच.

मंचरकर:
हिरवा झालाय म्हणजे ऊन लागलंय, मातीची भर लावली नव्हती ना? आत्ता बॅगेत वरून चार बोटं माती नाहीतर सुकी पानं टाका. तो हिरवा खाऊ नका, त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं आणि ते उकडून जात नाही. आमच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा असतो, तिथे काढायच्या आधी एक उकरून सालीवर अंगठा घासतात. साल सुटली तर कच्चा, थांबायचं. साल घट्ट असेल तरच टिकतो. काढल्यावर धुवायचे नाहीत, माती झटकून सावलीत पसरायचे आठ-दहा दिवस. मी पहिल्या वर्षी हौसेनं स्वच्छ धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि आठवड्यात असा वास सुटला की बायकोला वाटलं उंदीर मेला.

नवशिका_शेतकरी:
+१. फक्त पानं नीट बघा, नुसती पिवळी आहेत का तपकिरी डाग आणि त्यात गोल वलयं पण आहेत? तसं असेल तर करपा रोग असू शकतो, ती पानं तोडून कचऱ्यात, खताच्या डब्यात नाही.

गच्चीवाली_कोथरूड:
डाग नाहीत, नुसती पिवळी आहेत, बघितलं. पाणी कमी केलं, माती पण टाकली. आणि मंचरकर, तुमची पोस्ट वाचून धावत किचनमध्ये गेले तर सासूबाईंनी तो सुपारीएवढा वरणाच्या कुकरमध्ये टाकला होता. शिट्टी व्हायची होती, वाचलो 😅