बैठं काम करणाऱ्याला रंकाळ्याची फेरी पुरते का?

हिशेबनीस:
वय ४४, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम. नऊला खुर्चीत बसलो की उठायचं ते डबा खायलाच. मार्चमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.३ आलं. ६.५ पासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर उभा. तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस रंकाळा तलावावर पाऊण तास भरभर चालतोय. तीन महिन्यांनी ५.९. माझं मत स्पष्ट आहे : जिमच्या नादाला न लागता नुसतं चालावं, तेवढं पुरतं.

तालीमकर:
दादा, रिपोर्ट सुधारला, लई बरं वाटलं. पण ‘नुसतं चालावं’ हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, आणि सोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही. हे दुसरं कुणी ध्यानातच घेत नाही. रक्तातली साखर मुख्यतः स्नायूच ओढून घेतात. तेच झिजले तर?

माझे वडील पंचाहत्तरीपर्यंत रोज चालायचे. तरी पंगतीतनं उठताना आधी डावा पंजा फरशीवर, मग गुडघा, मग माझा खांदा. मांड्यांत जोरच उरला नव्हता. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान बांधलेलं हे गाव, पेठेपेठेत तालीम, आणि आपल्याला दहा बैठका जड व्हाव्यात?

हिशेबनीस:
वडिलांचं वाचून गलबलून आलं. पण दोन जिन्यांत धाप लागणाऱ्याला बैठका सांगितल्या की तो दुसऱ्या दिवशी कठडा धरून उतरतो आणि तिसऱ्या दिवशी सगळंच सोडतो. दोन वर्षांपूर्वी माझं हेच झालं होतं. चालणं सुटलं नाही, म्हणून आज मी इथं आहे.

शिवणवाली:
तुम्ही दोघंही सकाळचंच बोलताय. पहाटे मला दोन डबे असतात, रंकाळा कुठला? आणि पाऊण तास चालून पुढं आठ तास हलायचंच नाही, हे कसं चालेल? मी शिलाई मशीनवर बसते. एक ब्लाउज झाला की उठते, पाणी भरते, दारापर्यंत जाऊन येते. दोन्ही जेवणांनंतर गल्लीत दहा मिनिटं चालते. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते, हे घरच्या साखर मोजायच्या मशीनवर मी स्वतः बघितलंय. बायकांना जमेल असं कुणी सांगतच नाही.

तालीमकर:
ताई, उठायचं तुमचं खरं आहे, ते माझ्या बोलण्यात राहिलंच. दादा, बैठका नकोत तर खुर्चीपासून धरा. हात छातीशी, दहा वेळा उठा-बसा, एक दिवसाआड. गुडघ्यात कळ आली तर थांबून आधी डॉक्टरांना दाखवा. नुसतं चालणं पुरतं, हे मात्र मी मानणार नाही.

हिशेबनीस:
आत्ता ऑफिसात करून बघितलं. सातव्याला हात टेकला. उद्या परत करतो, पण फेरी झाल्यावर.