मदत हवी आहे: रेप्रोने केएसडीएसमध्ये नोंदी भरताना 'आउट ऑफ सीक्वेन्स'

सांगवीकर
आयबीएम मेनफ्रेमवर खात्यांची एक फाइल व्हीसॅमच्या (मेनफ्रेमची फाइली साठवण्याची पद्धत) केएसडीएसमध्ये, म्हणजे नोंदी 'की'च्या (नोंद ओळखणाऱ्या क्रमांकाच्या) क्रमाने ठेवणाऱ्या फाइलीत, भरायची आहे. आयडीकॅम्स या सहायक प्रोग्रॅमचा रेप्रो (नोंदी कॉपी करणारा आदेश) थोड्या नोंदी घेतो आणि आयडीसी३३१४आय ('आउट ऑफ सीक्वेन्स', म्हणजे नोंद क्रमाबाहेर) हा संदेश देत थांबतो. रिटर्न कोड १२ येतो. फाइल सॉर्ट केलेलीच आहे, त्यामुळे 'आधी सॉर्ट करा' हे उत्तर कृपया नको. उद्या चाचणी सुरू होणार आहे.

रात्रपाळी
रेप्रोला रिप्लेस जोडा आणि पुन्हा सबमिट करा. आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच चालते.

कोबोलकर
रात्रपाळी, तीच की आधीपासून फाइलमध्ये असेल तेव्हा रिप्लेस उपयोगी पडतो. ३३१४ म्हणजे आलेली की मागच्या कीपेक्षा लहान आहे, आणि तिथे त्याचा काही संबंध नाही. सांगवीकर, डिफाइन क्लस्टरमध्ये (फाइल तयार करणाऱ्या आदेशात) कीज (कीची लांबी आणि जागा) किती दिले आहेत, इनपुट एफबी (एकाच लांबीच्या नोंदी) आहे की व्हीबी (कमीजास्त लांबीच्या नोंदी), आणि सॉर्ट नेमके कोणत्या यंत्रावर केले, हे लिहिल्याशिवाय कोणीही अंदाजच करणार.

निशाचर
नोंदी पुष्कळ असतील तर डिफाइनमध्ये रिकव्हरीऐवजी स्पीड द्यावे. रिकव्हरीमध्ये पहिल्या लोडच्या वेळी प्रत्येक कंट्रोल एरिया (फाइलीतील जागेचा एक गट) आधी फॉरमॅट होतो आणि तेवढा वेळ वाया जातो.

सांगवीकर
निशाचर, वेग हा माझा प्रश्नच नाही. कीज(१२ ०), इनपुट व्हीबी, क्लस्टर रिकामा. सॉर्ट लिनक्सवर करून फाइल एफटीपीने आणली आहे. कुठे सॉर्ट केले याने काय फरक पडतो? काही खातेक्रमांक अंकाने सुरू होतात, काही शाखेच्या इंग्रजी अक्षराने, एवढेच.

कोबोलकर
सगळा फरक तिथेच आहे. लिनक्सवर अंक अक्षरांच्या आधी येतात, मेनफ्रेमच्या एब्सिडिक या अक्षरसंकेतात मात्र 'ए' म्हणजे सी१ आणि शून्य म्हणजे एफ०, म्हणजे अक्षरे आधी आणि अंक शेवटी. त्यामुळे एफटीपीने अक्षरांचे संकेत बदलले, पण नोंदी जुन्याच क्रमात राहिल्या, आणि अंकांच्या नोंदी संपून अक्षरांची पहिली नोंद आली की रेप्रो तक्रार करणारच. तेव्हा मेनफ्रेमवरच पुन्हा सॉर्ट करावे लागेल. त्यातही एक खाच आहे: व्हीबीमध्ये प्रत्येक नोंदीच्या आधी तिची लांबी सांगणारा ४ बाइटांचा आरडीडब्ल्यू असतो आणि सॉर्ट तोही मोजतो, म्हणून कीज(१२ ०) असली तरी सॉर्ट फील्ड्समध्ये (५,१२,सीएच,ए), म्हणजे पाचव्या बाइटपासून १२ बाइट, अक्षरे म्हणून, चढत्या क्रमाने, असे लिहावे लागते. तिथे १ लिहिले, तर नोंदी आधी लांबीप्रमाणे लागतील आणि पुन्हा ३३१४ येईल.

सांगवीकर
३३१४ गेला. आता आयडीसी३३०८आय, म्हणजे डुप्लिकेट रेकॉर्ड, आणि चार चुकांनंतर रेप्रो पुन्हा थांबला.

रात्रपाळी
मी पहिल्याच प्रतिसादात रिप्लेस सांगितले होते.

कोबोलकर
तुम्ही ते दुसऱ्याच रोगावर दिले होते, आणि इथेही ते डोळे झाकून देऊ नये, कारण नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाईल आणि कोणती खरी होती हे कोणालाच कळणार नाही. आइसटूल या सॉर्टच्या साधनाचा सिलेक्ट ऑलडुप्ससह (डुप्लिकेट असलेल्या सगळ्या नोंदी निवडणारा पर्याय) वापरून, ऑन(५,१२,सीएच) देऊन, त्या नोंदी वेगळ्या फाइलीत काढा आणि ज्यांनी डेटा दिला त्यांना दाखवा. रिप्लेस त्यांच्या उत्तरानंतर.