अनुभव धागा: बोनेर, टाकी, पिकअप आणि तुमची स्कुबाची सुट्टी

खारं_पाणी
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या खोक्यात माझी डाइव्हची वही सापडली. २०१३ चं पान उघडलं गेलं. बोनेर बेटावरचा सॉल्ट पिअर (मिठाच्या जहाजांचा धक्का), पाणी २८ अंश, ५२ मिनिटं, आणि खाली माझ्याच अक्षरात "दोन फ्रेंच एंजलफिश, जोडीने, शेवटपर्यंत सोबत". लेक शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, आई हे कुठे आहे, मला ने. ती या महिन्यात १० वर्षांची झाली, म्हणजे स्कुबाचा ज्युनिअर कोर्स करता येईल. त्या रात्री मला झोपच लागली नाही.

तर बोनेर. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, अरुबा आणि कुरासावचं भावंड. २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, पण चलन डॉलर. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेपासून दूर, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरलाही लोक जातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोट लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला की तिथे डाइव्ह. गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत समुद्रात शिरायचं.

आम्ही न्यू जर्सीहून शनिवार ते शनिवार बघतोय. तुम्ही बोनेर किंवा कॅरिबियनमधलं कुठलंही बेट कसं आखलं, काय विसरलात, कशासाठी पुन्हा जाल ते लिहा. ठरवून रद्द केलं असेल तर तेही लिहा.

पुळणीवरची
वाचून अंगावर काटा आला गं. कुकर लावलाय, संध्याकाळी लिहिते.

डबलकॅब
पिकअपच घ्या, साधी कार नको. मागे टाक्यांचे रॅक असतात. दक्षिणेकडे रस्ता सपाट आहे, उत्तरेकडे किनाऱ्याचा रस्ता पुढे एकेरी होतो, तेव्हा टाक्या मोजून न्या, चुकलात तर मोठा वळसा पडतो. गाडीत काहीही ठेवू नका, पाण्यात गेल्यावर खिडक्या उघड्याच ठेवायच्या. तिथे सगळे तेच सांगतात आणि तेच बरोबर आहे. आमच्या गटातल्या एकाने सीटखाली पाकीट दडवलं होतं. परत आलो तर काच फुटलेली, पाकीट गेलेलं. पूर्ण एक दिवस पोलीस आणि बँक यातच गेला.

थाउजंड स्टेप्स नावाची डाइव्हची जागा आहे, तिथे पायऱ्या साठ-सत्तरच आहेत. पण भरलेली टाकी पंधरा किलोच्या पुढे, वर ओला सूट आणि डोक्यावर ऊन. चढताना हजार वाटतात, नाव त्यावरूनच पडलं.

खारं_पाणी
@डबलकॅब लेकीला तिथे टाकी उचलू द्यायची नाही हे आत्ताच लिहून ठेवलं.

देवबागकर
आमचा अनुभव घरचाच. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबाचं केंद्र आहे, मी कोर्स तिथेच केला. मालवणला किल्ल्याजवळ जी करतात ती ट्राय डाइव्ह. गाइड धरून नेतो, फोटो काढतो, वर आणतो. छानच असते, पण प्रमाणपत्र नसतं. आमच्या आतेबहिणीचा समज होता की मालवणला "केलंय" म्हणजे परदेशात टाकी मिळेल. नाही मिळाली. तिने आठवडाभर स्नॉर्कलिंग केलं आणि रडली. म्हणून आधी ओपन वॉटर, म्हणजे पहिला प्रमाणपत्राचा कोर्स. २०० मीटर न थांबता पोहायचं, १० मिनिटं पाण्यावर तरंगायचं. वेग कोणी बघत नाही, दम बघतात.

पावसाळ्यात आपल्याकडे सगळं बंद, तेव्हा कोर्स नोव्हेंबर ते मे यातच बसवा. आणि आलात तर बांगड्याचं तिखलं खाल्ल्याशिवाय जाऊ नका, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि लिहीत राहणार.

भाजणी
आम्ही शाकाहारी. बोनेरला फुंची मिळते, मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीच्या जवळची. निवडुंगाचं सूपही असतं, पण मटणाचा किंवा माशाचा रस्सा नाही ना हे विचारून घ्या. बेटावर फारसं काही पिकत नाही, भाज्या बाहेरून येतात आणि महाग. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. दिवसाला तीन डाइव्ह झाल्या की जी भूक लागते ती सॅलडवर भागत नाही. नळाचं पाणी प्या, समुद्राचं गोडं केलेलं आहे, चांगलं असतं. बाटल्या विकत घेऊ नका.

पुळणीवरची
@भाजणी थालीपिठाची भाजणी नेलीत का?

भाजणी
@पुळणीवरची बंद पाकिटातली, दोन किलो. मागच्या डच कुटुंबाला दिली तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन दार वाजवलं 😊

श्वास
मी ठरवून रद्द केलेली. लहानपणी दमा होता. वैद्यकीय फॉर्मवर "हो" लिहायचं जिवावर आलं होतं, नवरा म्हणाला "नाही" टाक, कोण बघतंय. मी "हो"च लिहिलं. डॉक्टरांनी फुप्फुसाची तपासणी केली आणि नको म्हणाले. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. वर येताना तीच हवा फुलते आणि कुठे अडकली तर फुप्फुस फाटू शकतं. हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तेव्हा फार वाईट वाटलं, आज वाटत नाही. नवरा डाइव्ह करत होता तेव्हा मी लाक बेमध्ये खारफुटीतून कयाक चालवली, मिठागरात फ्लेमिंगो बघितले. दक्षिणेला गुलामांच्या झोपड्या आहेत, १८५० सालच्या, दगडी, दार इतकं बुटकं की वाकून आत जावं लागतं. मिठागरात राबणारी माणसं त्यात झोपायची. गुलामगिरी १८६३ ला संपली. त्या झोपडीसमोरच आज डाइव्हचा पिवळा दगड आहे. लेकीला तिथे थांबवा, नुसतं गाडीतून दाखवू नका.

खारं_पाणी
@श्वास ताई, थांबवेन. नक्की.

बावन्न_बार
विमानाचं गणित आधी करा, हॉटेल नंतर. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर उड्डाणापूर्वी किमान १८ तास कोरडं राहायचं असतं, मी पूर्ण २४ ठेवतो. म्हणजे शनिवारी दुपारचं विमान असेल तर शुक्रवारी सकाळनंतर टाकी नाही. लोक सात दिवसांचं पॅकेज घेतात आणि शेवटचे दीड दिवस पैसे वाया गेले म्हणून हळहळतात. तो दिवस वॉशिंग्टन स्लागबाई उद्यानाला द्या. पहाटे जा, रस्ता खडबडीत आहे.

बेटावर दाबाच्या आजारासाठी (दाब पटकन कमी झाला की शरीरात वायूचे बुडबुडे होतात, विमानाची अट त्यासाठीच) उपचाराचं चेंबर आहे. विमा मात्र स्कुबाचाच घ्या, साध्या प्रवासविम्यात बरेचदा हे बसत नाही.

कोसुमेलची_ओढ
आम्ही बोनेर सोडून मेक्सिकोत कोसुमेलला गेलो. तिथे प्रवाहच तुम्हाला नेतो, पालंकार रीफच्या भिंतीवरून नुसतं वाहायचं, मागून बोट येते. सुंदर, पण १० वर्षांच्या मुलीची पहिली डाइव्ह तिथे मी करणार नाही. बोनेरला प्रवाह बहुतेक मंद असतो आणि ५ मीटरवरसुद्धा भरपूर दिसतं. वयामुळे ती १२ मीटरच्या खाली जाणारच नाही ना, मग बोनेरच.

हिल्मा
हिल्मा हूकर! १९८४ साली बुडालेली मालवाहू बोट, आत गांजा सापडला होता, म्हणून जप्त झालेली. ३० मीटरवर उजव्या कुशीवर पडून आहे. माझी ॲडव्हान्स्ड, म्हणजे पुढच्या कोर्सची, पहिली खोल डाइव्ह. निळ्यातून आधी काहीच दिसत नाही आणि मग एकदम ती दिसते, बाप रे. लेकीला नाही, पण तुम्ही जा.

पुळणीवरची
आले. मला एकच सांगायचंय. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी अंधार पडला, चंद्र उगवायचा होता, तेव्हा पाण्यात उतरलो आणि टॉर्च बंद केले. पाच मिनिटं काही नाही. मग उभ्या माळा पेटायला लागल्या, निळ्या ठिपक्यांच्या, आमच्या चहूबाजूंनी. ऑस्ट्राकॉड म्हणतात, तिळाएवढा जीव, नर मादीला बोलावताना प्रकाश सोडतो. मास्कमध्ये पाणी होतं ते माझंच होतं. तारीख चंद्र बघून ठरवा, बाकी सगळं नंतर.

देवबागकर
तिथी बघून सुट्टी! आमच्या आजीला पटलं असतं.

रीफवाली
लिहू की नको असं झालं, पण लिहिते. मी २०२४ ला गेले. दगडी प्रवाळांचा ऊतक झडण्याचा रोग, फ्लोरिडात २०१४ ला पहिल्यांदा दिसला, बोनेरला २०२३ मध्ये पोचला. मेंदूसारखं दिसणारं प्रवाळ असतं ना, ते अनेक ठिकाणी पांढरं पडून मेलंय, वर शेवाळ. शेकडो वर्षांचे गोळे काही आठवड्यांत जातात. डाइव्हनंतर सामान जंतुनाशकात बुडवून धुवावं लागतं, ते मनापासून करा. हातमोजे तिथे चालत नाहीत, हात कुठे टेकवावासा वाटू नये म्हणून. प्रवाळाला घातक ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन नेऊ नका. पाण्यात पहिल्यांदा उतरण्याआधी नियमांचं सत्र आणि चाचणी डाइव्ह असते, ती घाईत उरकू नका.

पण सांबरशिंगांसारखं स्टॅगहॉर्न प्रवाळ या रोगाला बळी पडत नाही. त्याच्या फांद्या पाण्यात झाडासारख्या सांगाड्यांवर टांगून वाढवतात आणि मग रीफवर लावतात. मी एक पूर्ण डाइव्ह त्या झाडांपाशी काढली.

खारं_पाणी
@रीफवाली हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. माझ्या वहीत तेराव्या डाइव्हला "भलामोठा मेंदू, मिठी मारली तरी मावणार नाही" असं लिहिलंय. तो आता असेल का हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, मग तर लवकर जायला पाहिजे.

डबलकॅब
लवकर म्हणजे कधी? पिकअप हंगामात संपतात हो.

खारं_पाणी
मार्च. पौर्णिमा बघून. नवऱ्याने प्रवेश कराचे प्रौढांचे ७५ डॉलर आणि सागरी उद्यानाचे ४० असे शीटमध्ये टाकलेत, मुलांचा दर कमी आहे. सॉल्ट पिअर जहाज लागलेलं असलं की बंद असतो, तेव्हा तो आठवड्याच्या सुरुवातीलाच ठेवलाय, नाही जमला तर पुन्हा प्रयत्न करता येईल. लेकीचा पोहण्याच्या तलावातला पहिला तास या शनिवारी. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढायचं, याची तिला भीती वाटतेय.

श्वास
न्हाणीघरात बादलीत तोंड घालून सराव करू दे. आमच्या भाचीने तसंच केलं होतं.

भाजणी
आणि मार्चला निघताना पत्ता कळवा, भाजणी मी पाठवते.